गुंडूअण्णा लिफ्टवाले

गुंडू मुचंडीकरांना आपल्याला काहीतरी मोठं दुखणं जडलंय असं वाटत होतं, त्या दिवसांत माझी त्यांच्याशी नीट ओळख झाली. साल एकोणीसशे साठ. मी पुण्याहून बंगळूरला थोरल्या भावाकडे, हरीकडे, राहायला आले होते आणि मॅजेस्टिकजवळच्या एका पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर टायपिस्ट म्हणून लागले होते. इमारतीला लिफ्ट होती. लोक गावाकडच्या पाहुण्यांना ती दाखवायला घेऊन यायचे.

ती चालवायचे गुंडूअण्णा. छत्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, अंगात खाकी कोट आणि त्याला पितळी बटणं. सगळी इमारत त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. लिफ्टला तेव्हा बटणं नव्हती. एक पितळी दांडी होती. ती एकीकडे ढकलली की वर, दुसरीकडे ढकलली की खाली, मधे आणली की थांब. मजल्याच्या बरोबरीनं लिफ्ट थांबवणं सगळं हातावर अवलंबून. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी कुणी दुसरा दांडी धरायचा तेव्हा आम्ही कधी वीतभर खड्ड्यातून वर चढायचो, कधी वीतभर उंचीवरून उडी मारायचो. गुंडूअण्णा असले की पायाला फट लागायची नाही.

एका सकाळी लिफ्टमध्ये मी एकटीच होते. अण्णा खाली बघत म्हणाले, "अक्का, एक विचारू का? तुमचे भाऊ कॉलेजात शिकवतात न्हवं? डॉक्टरांशी ओळख असेल."

"काय झालं?"

"पाय जड होतायत. चार वर्षं झाली. वर निघालो की पाय शिशाचे झाल्यागत वाटतात. आणि वर पोचता पोचता पोटात पोकळ होतंय, पाय जमिनीवर हायत की न्हाईत कळत न्हाई. खाली येताना सगळं उलटं. दोन वैद्य झाले. एकानं काढा दिला, एकानं रक्त कमी हाय म्हणून सांगितलं. बायको भागुबाई तर देवाला नवस बोलून बसली हाय."

मी हसले नाही. मलाही तसं व्हायचं, पण मी दिवसातून चार वेळा लिफ्टमध्ये बसायची. अण्णा तीनशे वेळा.

हरी एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मी घरी सांगितलं तसा तो जेवता जेवता उठला आणि म्हणाला, "त्या माणसाला औषध देऊ नका, त्याला काटा द्या." दुसऱ्या दिवशी त्यानं प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा आणि पाच पौंडांचं पितळी वजन पिशवीत घालून आणलं आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आम्ही तिघं लिफ्टमध्ये उभे राहिलो.

हरीनं वजन काट्याला अडकवून धरलं. काटा पाचावर. "चला," हरी म्हणाला. लिफ्ट निघाली आणि काटा पाचाच्या पुढं सरकला. दुसरा मजला ओलांडेपर्यंत तो परत पाचावर येऊन थांबला, आणि पाचव्या मजल्याशी अण्णांनी दांडी मधे आणली तेव्हा पाचाच्या मागं गेला.

अण्णा काट्याकडे बघतच राहिले. "वजनालाबी तेच होतंय."

"वजन आजारी आहे का?" हरीनं विचारलं. मग त्यानं समजावून सांगितलं. पृथ्वी आपल्याला सगळीकडे तितकंच ओढते. पण उभी असलेली लिफ्ट वर जायला वेग घेते तेव्हा तिची जमीन तुमच्या पायाला खालून जास्त जोरानं ढकलते, म्हणून पाय जड वाटतात. वर पोचताना वेग कमी होतो, जमीन कमी ढकलते, म्हणून पोकळ वाटतं. "दुखणं तुमच्या पायांत नाही, लिफ्टचा वेग बदलण्यात आहे."

"आणि मधल्या मजल्यांवर? तिथं तर काहीच वाटत न्हाई. जणू उभीच हाय."

"तिथं वेग बदलत नाही. सारख्या वेगानं चाललेल्या माणसाला डोळे मिटले तर आपण चाललोय की थांबलोय ते अंगाला कळत नाही."

अण्णांनी तीन वेळा लिफ्ट वरखाली केली. शेवटच्या वेळी डोळे मिटून. मग ते हळूच म्हणाले, "खरं हाय. मी चार वर्षं चाललोय आणि मला ते कळलंच न्हाई."

त्या दिवसापासून ते माझ्याशी मोकळेपणानं बोलायला लागले. बेळगावजवळच्या एका खेड्यातले ते. घरी मोट होती. बैल विहिरीपासून उतारावरून खाली चालत जायचे, म्हणजे बैलांचं स्वतःचं वजनच पाणी ओढायला कामी यायचं. बापानं लहानपणीच ते दाखवलेलं. बंगळूरला ते आले ते याच इमारतीच्या बांधकामावर, कप्पीवरून विटांच्या पाट्या ओढायला. इमारत पुरी झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, या माणसाला दोराची अक्कल आहे, दोन महिने लिफ्ट चालवू दे, मग बघू. ते दोन महिने अजून संपले नव्हते.

त्यांना लिफ्ट चालवायची नव्हती. त्यांना लिफ्टचं यंत्र हवं होतं. गच्चीवरच्या खोलीत ते यंत्र होतं आणि तिला कुलूप असायचं. दर तीन महिन्यांनी लिफ्ट कंपनीचा मिस्त्री, विश्वेश्वर, तेल घालायला यायचा. तो दुपारभर वर असायचा, आणि अण्णा खाली पिंजऱ्यात उभं राहून वरचे आवाज ऐकायचे. विश्वेश्वरनं त्यांना एकदोनदा वर नेलं होतं. "माझ्याबरोबर मदतनीस म्हणून ये, कंपनीत चिकटवतो," असंही तो म्हणाला होता. त्यासाठी इमारतीच्या मॅनेजरची परवानगी हवी होती. मॅनेजर होते प्राणेशराव. धारवाडकडचे, कानडी आणि मराठी दोन्ही घरच्यासारखं बोलणारे, टापटिपीचे, कायम छत्री बाळगणारे.

अण्णांनी त्यांना तीनदा विचारलं. एकदा मी चौथ्या मजल्यावर उतरताना ऐकलं.

"साहेब, ते मिस्त्रीचं..."

"तू गेलास तर लिफ्ट कोण चालवणार, गुंडू? मागे त्या दुसऱ्याला उभं केलं तर एका बाईचा पाय मुरगळला. तुझ्यासारखा हात मिळत नाही."

दरवाजा लागला. अण्णा दांडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी मागं वळून पाहिलं तेव्हा जाळीतून त्यांचा चेहरा दिसला, चौकोना-चौकोनांत कापलेला. काम वाईट केलं असतं तर हाकलले गेले असते, चांगलं केलं म्हणून अडकले.

उन्हाळ्यात त्या पिंजऱ्यात हवा उकळायची. साहेब लोक आत असले की स्टुलावर बसायची परवानगी नव्हती. पाणी प्यायला जायचं तर खाली पहारेकरी मल्लाप्पाला उभं करावं लागे. पाऊस पडतोय की ऊन आहे हे त्यांना लोकांच्या कपड्यांवरून कळायचं. एकदा ते मला म्हणाले, "अक्का, गावाकडं आमचा बैल दिवसाला विहिरीवर शंभर खेपा करायचा. पण संध्याकाळी त्येला सोडायचे."

चौसष्ट सालच्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवार होता, कचेऱ्या दुपारी सुटल्या होत्या. मी टायपिंग उरकून उशिरा निघाले. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरून आलेले प्राणेशराव होते, हातात कातडी बॅग आणि छत्री. आम्ही तिघं खाली निघालो आणि वीज गेली.

धक्का बसून लिफ्ट थांबली. दिवा गेला. वरून कुठून तरी उजेडाची एक फिकट पट्टी भिंतीवरून खाली येत होती. अण्णांनी जाळीचा दरवाजा सरकवला, बाहेरचा दरवाजा चाचपून उघडला. आम्ही तिसऱ्या मजल्याच्या वर अडकलो होतो. लिफ्टची जमीन तिसऱ्या मजल्याच्या फरशीपासून चारेक फूट उंच होती. म्हणजे आमच्या पायापासून बाहेरच्या दरवाजाच्या वरच्या चौकटीपर्यंत तीनेक फुटांची फट, आणि तिच्यातून खाली तिसऱ्या मजल्याचा व्हरांडा दिसत होता. तिथं कुणी नव्हतं.

"मल्लाप्पा!" अण्णांनी हाक मारली. खालून ओ आली. "वीज येईपर्यंत थांबा म्हणतोय," ते म्हणाले.

अर्धा तास गेला. मग एक तास.  प्राणेशरावांनी कोट काढला, गळपट्टी सैल केली. त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. मला स्वतःला भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या; मी हात लांब करून पाहिला, तर भिंत होती तिथंच होती. एकदा कुठंतरी लोखंड कुरकुरलं.

"दोर तुटला तर?" प्राणेशराव अंधारात म्हणाले.

अण्णांना वाटलं, नीट सांगितलं तर माणसाची भीती जाते. "तुटत न्हाई साहेब. चार दोर हायत. आणि दोर वरच्या चाकाला बांधलेला न्हाईच. नुसता चाकावरनं टाकलाय. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. दोन्हींच्या ओढीनं दोर खोबणीत दाबून बसतोय, आणि त्या घासण्यानं धरून राहतोय."

"बांधलेलाच नाही?" प्राणेशरावांचा आवाज चिरकला.

"घासणं म्हणजे लई मोठी ताकद हाय की ओ साहेब. ब्रेकबी त्यावरच..."

"पुरे! पुरे कर!"

 थोड्या वेळानं प्राणेशराव फटीशी वाकले आणि जिन्याच्या दिशेनं ओरडले, "मल्लाप्पा! किल्ली घे माझ्या टेबलातून. वर गच्चीत जा. यंत्राला ब्रेकचा लाल दांडा आहे, तो उचल. लिफ्ट आपोआप खाली येईल." मल्लाप्पा "सरी, सर", बरं साहेब, म्हणाला आणि त्याची पावलं जिन्यावर वाजत गेली.

"साहेब, तसं करू नका," अण्णा म्हणाले. "ती खाली येणार न्हाई."

"जड वस्तू सोडली तर खाली येणार नाही तर कुठं जाईल?"

"आपण जड न्हाई. आपण तिघंच हाय. दुसऱ्या टोकाचं वजन रिकाम्या लिफ्टीपेक्षा जड ठेवलेलं असतंय, पाच माणसांएवढं जादा. पाच माणसं आत असली की दोन्ही पारडी बरोबर. तिघं असलो की आपण हलके. ब्रेक सोडला तर ते वजन खाली जाईल आणि आपण वर."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"आठ वर्षं दांडी हातात हाय साहेब. रिकामी लिफ्ट वर जाताना थांबता थांबत न्हाई, भरलेली खाली येताना थांबत न्हाई. आधीच दांडी सोडावी लागते. हाताला कळतंय ते."

प्राणेशराव ऐकत नव्हते. आज मला वाटतं, त्यांना शब्द ऐकू येत होते पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. ते फक्त त्या फटीकडे बघत होते. तिकडे व्हरांडा होता, उजेड होता, चार फुटांवर. त्यांनी बॅग फटीत सरकवली, छत्री तिच्या शेजारी तिरकी ठेवली, आणि गुडघ्यावर बसून पाय बाहेर सोडायला लागले. पोटावर पालथे झाले. कमरेपर्यंत ते बाहेर होते.

"साहेब, आत या!"

"सोड मला! मी उडी मारतो. सोड म्हणतो ना!"

अण्णांनी त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पाय भिंतीला लावून ओढलं. प्राणेशरावांनी त्यांच्या तोंडावर कोपर मारलं. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, ती फाटली. अण्णा एकदाच ओरडले, "अक्का, कमरेचा पट्टा धरा!" आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना पोत्यासारखं आत घेतलं. त्यांचे बूट जमिनीला लागतात न लागतात तोच लिफ्ट हलली.

ती वर निघाली.

पहिल्यांदा मुंगीच्या चालीनं, मग जोरात. फट आमच्या डोळ्यांदेखत मिटत गेली. दरवाजावरची दगडी चौकट खाली आली, छत्री काडकन मोडली, बॅग दबली, फाटली आणि चुरमडून खाली दिसेनाशी झाली. त्या जागी काही क्षणांपूर्वी एक माणूस पालथा पडला होता.

 पायांना ते शिशासारखं जडपण जाणवत होतं. चौथा मजला झपकन गेला. अण्णा तोंड वर करून सगळा जीव एकवटून ओरडले, "मल्लाप्पा! निल्सु! निल्सु!" थांबव, थांबव. वर मल्लाप्पानं घाबरून दांडा सोडला असावा. ब्रेकच्या स्प्रिंगनं चाक आवळलं आणि आम्ही एका धक्क्यानं थांबलो.

 अण्णांच्या ओठातून रक्त येत होतं. त्यांनी ते बाहीनं पुसलं आणि एकदम शांत आवाजात वर सांगायला लागले, "मल्लाप्पा, ऐक. स्वल्प उचल. मी म्हटलं की सोड. स्वल्प... निल्सु. परत स्वल्प... निल्सु." वीतवीतभर करत आम्ही वर सरकत राहिलो. पाचव्या मजल्याची फरशी दरवाजाच्या बरोबरीला आली तेव्हा अण्णांनी वाकून बोटानं फट पाहिली. बोट आत गेलं नाही. मग त्यांनी दरवाजा उघडला.

प्राणेशराव जिन्याच्या पायरीवर बसून बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून होते.

पुढच्या महिन्यात मालकांच्या बैठकीत गुंडूअण्णांचं नाव निघालं. त्यांना 'मुख्य लिफ्टमन' केलं, पगार वाढवला, कोटाला लावायला चांदीचा बिल्ला दिला. आणि ठरावात एक ओळ घातली: अशा माणसाला या जागेवरून हलवू नये. प्राणेशरावांनी तो ठराव लिफ्टमध्येच वाचून दाखवला. मी तिथं होते. अण्णांनी हात जोडले. त्यांचा चेहरा मात्र कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखा झाला.

यशवंतपूरला त्यांच्या घरी मी अभिनंदनाला गेले. भागुबाईंनी शेव-चिवडा पुढं ठेवला. बिल्ला देवाजवळ होता. त्या म्हणाल्या, "अक्का, लोक म्हणतात बक्षीस मिळालं. ह्ये रात्री झोपेत दांडी धरतात. आता काय, पक्कंच झालं."

 त्यानंतरच्या सोमवारी अकरा वाजता, कामाच्या वेळेत, अण्णांनी मल्लाप्पाला दांडीवर उभं केलं आणि जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर प्राणेशरावांच्या खोलीत गेले. मी सह्यांसाठी कागद घेऊन तिथं उभी होते. प्राणेशरावांनी मला जायला सांगितलं नाही, अण्णांनीही नाही.

"साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला धरून ठेवलं. आता तुम्ही मला धरून ठेवलंय. तुम्ही मला सोडा."

प्राणेशराव टेबलावरची टाचणी इकडून तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "गुंडू, तू दांडीवर नसलास तर मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. ठाऊक आहे तुला? गेल्या गुरुवारी तू रजेवर होतास. मी पाच मजले चढलो. मला दम्याचा त्रास आहे." ते अण्णांकडे बघत नव्हते. "मी तो ठराव इमारतीसाठी नाही लिहिला. माझ्यासाठी लिहिला."

मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"मल्लाप्पाला मी तयार करतो," अण्णा म्हणाले. "तुम्हाला फट लागली तर मला परत बोलवा."

त्यांनी मल्लाप्पाला पाच महिने शिकवलं. रोज सकाळी रिकामी लिफ्ट, मग वाळूची पोती घालून अर्धी, मग भरलेली. "डोळ्यानं बघू नको, पायानं ऐक," ते त्याला सांगायचे. "पाय हलके झाले की समज ती थांबायला लागली." मल्लाप्पाचा हात बसला. प्राणेशराव एकदा त्याच्याबरोबर पाचव्या मजल्यापर्यंत गेले, उतरताना त्यांनी खाली पाहिलं, आणि मान डोलावली.

मग अण्णा विश्वेश्वरकडे गेले, आणि तिथं कळलं की कंपनीत मदतनीस घ्यायची वयाची अट पस्तीस. अण्णा एकेचाळिशीला टेकले होते. पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा, मी बंगळूरला यायच्याही आधी, ते पस्तिशीच्या आतले होते. विश्वेश्वरनं साहेबांना भेटून पाहिलं, अर्ज केला. काही झालं नाही. ही बातमी अण्णांनी मला लिफ्टमध्येच दिली, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. तिसऱ्या मजल्यावर दोन कारकून चढले.

प्राणेशरावांना ते समजल्यावर त्यांनी स्वतःहून एक गोष्ट केली. गच्चीवरच्या खोलीची किल्ली अण्णांच्या हातात दिली. सकाळचे चार तास यंत्राची देखभाल, दुपारचे चार तास दांडी. ठरावातली ती ओळ मात्र तशीच राहिली. बैठकीसमोर ती बदलून मागायचा धीर त्यांना कधी झाला नाही.

अण्णांनी त्या खोलीत पहिल्याच आठवड्यात एक पाटी लावली. मजकूर माझ्याकडून मराठीत लिहवून घेतला, मल्लाप्पाच्या मुलीकडून कानडीत. 'ब्रेक सोडण्याआधी आत किती माणसं आहेत ते विचारा. पाचाहून कमी असतील तर लिफ्ट वर जाईल. चाक हातानं धरल्याशिवाय दांडा उचलू नका.'

मी एकदा वर गेले होते. खोली लिफ्टच्या पिंजऱ्याच्या दुप्पट असेल, फार तर. ग्रीसचा वास, मोठं चाक, आणि पत्र्याच्या छपराखाली तापलेली हवा. अण्णा चिंधीनं ब्रेकच्या चाकावरचं तेल पुसत होते. एक थेंब राहिला तरी पकड जाते, म्हणाले. खिडकीतून रेल्वे स्टेशनकडचा भाग दिसत होता.

"बरं वाटतं का अण्णा इथं?"

"हीबी खोलीच की ओ अक्का," ते म्हणाले, आणि पुसत राहिले.

सदुसष्ट साली हरीची बदली झाली आणि आम्ही बंगळूर सोडलं. माझ्या शेवटच्या आठवड्यात भागुबाई एका सकाळी अण्णांचा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. मल्लाप्पानं दरवाजा उघडून धरला, "या अक्का, वर सोडतो." त्या नको म्हणाल्या. त्या लिफ्टमध्ये कधी बसल्या नाहीत. पदर खोचून, एका हातानं कठडा धरून त्या जिना चढायला लागल्या, आणि वरून दोन-दोन पायऱ्या उतरत येणारी गुंडूअण्णांची पावलं मला ऐकू आली.